बटणांचा कौल

“पिशव्या उतरवा आणि सगळी बटणं एका डब्यात ओता,” ग्रंथपाल म्हणाले. “निकाल काय लावायचा ते मी सांगतो.”

दालनाच्या नव्या ताईचा हात खुंटीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. धाकट्यांच्या दालनातल्या भिंतीवर, लहान मुलांच्या खांद्याच्या उंचीवर, पाच खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीच्या वर फळीवर एक पुस्तक उभं केलेलं आणि खाली एक कापडी पिशवी. पाच ते सात वर्षांची मुलं चिठ्ठीवर मत कुठलं लिहिणार, म्हणून त्यांनी घरून एकेक जुनं बटण आणायचं आणि आवडलेल्या पुस्तकाच्या पिशवीत टाकायचं, अशी या बालवाचनालयाची फार वर्षांची रीत. जाणकारांची समिती दरवर्षी प्रत्येक वयोगटासाठी पाच पुस्तकांची शिफारस करायची. त्या पाचांतलं एक मुलं निवडायची आणि त्याच्यावर सोनेरी गोल चिकटायचा: ‘मुलांची निवड’.

“सर, मोजायची आहेत अजून,” ती म्हणाली.

“मोजून काय करायचंय?”

तिला वाटलं ते थट्टा करतायत. पण ग्रंथपाल थट्टा करणाऱ्यातले नव्हते. ते शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत होते आणि चष्म्याविना त्यांचे डोळे फार साधे, दमल्यासारखे दिसत होते.

खरं तर मोजायची गरज नव्हतीच. चार पिशव्या वाळत घातलेल्या मोज्यांसारख्या लोंबत होत्या. पाचवी पोटुशी झाली होती. ती होती ‘शेळी म्हणाली, नाही’ या पुस्तकाखालची.

ग्रंथपालांनी बगलेतली जाड पाकिटं टेबलावर ठेवली. एकातून गुळगुळीत कागदाचं मानपत्र निघालं, दुसऱ्यातून सोनेरी गोलांची गुंडाळी. मानपत्रावर ठळक अक्षरांत छापलं होतं: धाकटा गट, मुलांची निवड, ‘वेळेवर उठणारा सूर्य’.

“हे कधी छापलं?” तिनं विचारलं.

“झाला महिना. पाहुण्यांना आधी कळवावं लागतं, ताई. लेखिका वयस्कर आहेत, बाहेरगावाहून यायच्या. आयत्या वेळी कोण येतं?”

“पण मुलांनी बटणं काल टाकली.”

“दरवर्षी कालच टाकतात.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “तुमच्या आधीच्या ताई मुलांना नीट समजावून सांगायच्या. हे पुस्तक का चांगलं, यातून आपण काय शिकतो. मुलं बरोबर त्यातच टाकायची. तुम्ही समजावलं नाहीत?”

“मी पाचही पुस्तकं वाचून दाखवली.”

“नुसती वाचून दाखवलीत?”

“हो.”

“तिथंच चुकलं,” ग्रंथपाल म्हणाले. पोळलेल्या हाताला मलम सांगावं इतक्या मायेनं म्हणाले. “पहिलंच वर्ष आहे तुमचं, होतं असं. आणि ती शेळी मुळात भरीची हो. समितीचं पाचवं पुस्तक वेळेत आलं नाही, तुम्ही म्हणालात हे आहे, मी म्हटलं ठेवा. ते काय निवडून यायला ठेवलं होतं?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बोट धरून पिशवीपर्यंत न्यायचं, बोटानंच पिशवी दाखवायची आणि वर छापायचं, मुलांची निवड. तिला कुणी हे काम म्हणून सांगितलंच नव्हतं. पुस्तकांच्या पाठीवर धाकट्यांसाठी पिवळी, मधल्यांसाठी हिरवी आणि मोठ्यांसाठी निळी पट्टी लावायची, फाटकी पानं चिकटवायची, शी-शूला नेऊन आणायचं, हे सगळं सांगितलं होतं. कौल कुठं लावायचा हे तेवढं सांगायचं राहिलं होतं.

“मधल्यांचं आणि मोठ्यांचंही असंच ठरलंय का?” तिनं विचारलं.

“छे छे. त्यांच्या चिठ्ठ्या असतात ना. उद्या कुणी मागितल्या तर दाखवाव्या लागतात. बटणांना कोण विचारतंय? आणि ही चिल्लीपिल्ली. पुढच्या आठवड्यात विसरून जातील, बघा तुम्ही.” दारापाशी जाऊन ते वळले. “तुम्हाला कायम करायचा विषय येत्या बैठकीत आहे. मी चांगलं लिहिलंय तुमच्याबद्दल. मुलांत रमणाऱ्या आहेत, असं.”

“बरं,” ती म्हणाली.

तो ‘बरं’ तिच्या तोंडातून सवयीनं निघाला, शिंक निघावी तसा. ग्रंथपाल गेले आणि ती मुलांच्या बुटक्या स्टुलावर गुडघे हनुवटीला लावून बसली. एवढी शिकलीसवरली, कॉलेजात वादविवादात बक्षिसं घेतलेली बाई, आणि कामाच्या वेळी तोंडात एकच शब्द. बरं. तिला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

पिशव्या तिनं उतरवल्या नाहीत. झाडून झाल्यावर ओतू, असं स्वतःला सांगितलं. झाडून झालं, तरी त्या खुंटीवरच होत्या.

घरी लेक दारातच उभी होती. ती एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. आज मात्र चौकट धरून खिळल्यासारखी उभी.

“शेळी जिंकली?”

“अगं, आईला चप्पल तरी काढू दे,” आतून सासूबाई म्हणाल्या. “दुपारपासून डोकं उठवलंय हिनं. शेळी, शेळी. घरात गोठा करून ठेवलाय.”

“निकाल परवा कार्यक्रमात सांगतात,” ती म्हणाली आणि नळाखाली हात धुऊ लागली. हात स्वच्छच होते.

या शेळीमागं काय होतं ते तिला आणि सासूबाईंनाच ठाऊक. भिंगरी दुसरीत गेली तरी वाचत नव्हती. अक्षरं यायची, पण ओळ आली की तिच्या घशात काटा अडकायचा. वर्गशिक्षिका म्हणाल्या होत्या, तुम्ही तर दिवसभर पुस्तकातच असता, मग घरी लक्ष द्या की. ते बोलणं तिला महिनाभर टोचत राहिलं. मग तिनं वयाप्रमाणे शिफारस केलेली, पदकं मिळालेली, तज्ज्ञांनी नावाजलेली पुस्तकं वाचनालयातून एकामागून एक आणली. स्वतःच पुस्तकांच्या पाठीवर पिवळी पट्टी चिकटवायची आणि संध्याकाळी तीच पट्टी लेकीच्या नाकासमोर धरायची. हे तुझ्या वयाचं आहे. हे तर तुझ्याहून लहान मुलं वाचतात. भिंगरी पोट धरून बसायची.

“पुस्तक उघडलं की पोट दुखतं पोरीचं,” सासूबाई म्हणायच्या. “बापाचं शाळेची घंटा वाजली की दुखायचं. घराण्याचं दुखणं आहे, औषध नाही त्याला.”

सासूबाई हसायच्या. तिला हसू यायचं नाही. रात्रपाळीला जाणारा नवरा म्हणायचा, येईल गं, मला आलं तसं येईल. आणि ती मनात हिशेब करायची, अमक्याची मुलगी काय वाचते, तमक्याची कुठवर पोचली. झोपलेल्या लेकीच्या कपाळाकडे ती अशी बघायची, जणू आत काहीतरी नादुरुस्त आहे आणि झाकण उघडायची सोय नाही.

मग ती शेळी आली. कुठल्याशा अनोळखी माणसाचं पहिलंच पुस्तक, गबाळ्या रेघांची चित्रं, पाठीवर अजून पट्टीसुद्धा नव्हती. गोठ्यात चल. शेळी म्हणाली, नाही. पाणी पी. शेळी म्हणाली, नाही. पाऊस आला, आत ये. शेळी म्हणाली, नाही. भिंगरीनं ते पट्ट्या लावायला घरी आणलेल्या ढिगातून स्वतः उचललं. ‘नाही’ हा शब्द प्रत्येक पानावर होता आणि तो तिला येत होता. एका शब्दाला धरून तिनं शेजारचा धरला, मग त्याच्या शेजारचा.

एकदा ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती तेव्हा बाहेरून आवाज आला. भिंगरी आजीला वाचून दाखवत होती. शेवटच्या पानावर शेळीला कुणी काही म्हणायचंच सोडून देतं. ती एकटी उभी राहते, इकडे बघते, तिकडे बघते. मग शेळीच म्हणते, मी येऊ का? ‘येऊ’ला भिंगरी थांबली. साबणाचे हात तसेच धरून तीही थांबली. सांगायला जाऊ नकोस, तिनं स्वतःला बजावलं, मेलीस तरी जाऊ नकोस. आणि बाहेरून आलं, “येऊ. मी येऊ का?” मग सासूबाईंचा आवाज, नेहमीपेक्षा जरा घोगरा, “ये की गं बाई. नाही कोण म्हणतंय?”

मताच्या दिवशी भिंगरीनं बापाच्या चांगल्या शर्टाचं मधलं बटण कात्रीनं कापून नेलं. जुनं आण म्हटलं होतं, नवं कोरं का कापलंस, म्हणून ती ओरडली होती. भिंगरी म्हणाली होती, “शेळीला जुनं कसं द्यायचं?”

आणि आता बटणांना कोण विचारतंय.

“काय झालंय?” सासूबाईंनी जेवताना विचारलं. “घास नुसता फिरवतेयस.”

तिनं सांगितलं. भिंगरी अंगणात होती. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, ताटातला शेवटचा घास संपवला.

“मग तू काय म्हणालीस?”

“बरं म्हणाले.”

“अस्सं,” सासूबाई म्हणाल्या. “मला एवढ्या वर्षांत सरळ बरं कधी म्हणाली नाहीस. तिथं बरी म्हणालीस.”

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी लेखिकाबाई लवकर आल्या. निवृत्त शिक्षिका, हातात काठी, पायात कापडी बूट, खांद्याला शबनम. सभागृहात खुर्च्या मांडत होते, तिथं न थांबता त्यांनी धाकट्यांचं दालन कुठं म्हणून विचारलं आणि एकेक पाऊल टाकत आत आल्या. तिनं घाईनं मोठी खुर्ची पुढं केली. बाई बसल्या नाहीत.

“मला ते बटणांचं बघायचंय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सरांनी फोनवर सांगितलं तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मोठ्यांनी दिलेली पदकं घरी आहेत गं. नातवंडं त्यांची झाकणं करून खेळतात. मुलांनी दिलेलं एकही नाही. म्हणून तर एवढा बसचा प्रवास केला, नाही तर हे गुडघे मला फाटकापर्यंतसुद्धा जाऊ देत नाहीत.”

तिला वाटलं होतं बाई खुशमस्कऱ्या असतील, समितीतल्या कुणाच्या नात्यातल्या असतील, मानपत्रासाठी हपापलेल्या असतील. दोन दिवस तिनं मनातल्या मनात या बाईंना चांगलं सोलून काढलं होतं. आता समोर एक म्हातारी उभी होती आणि तिचे डोळे फळीवरचं आपलं पुस्तक शोधत होते.

“ही माझी खुंटी का?”

“हो.”

बाईंनी पिशवी तळहातावर तोलली. बोटांनी चाचपली. त्यांचा चेहरा जरासा मिटला. “हलकी आहे की गं. मोजून काढून घेतलीत वाटतं?”

उत्तर आयतं समोर आलं होतं. हो, मोजून काढली, एवढंच म्हणायचं होतं. बाई सुखानं स्टेजवर गेल्या असत्या, सुखानं घरी गेल्या असत्या. ग्रंथपालांनी ‘रमणाऱ्या’ लिहिलं होतं तेही खरं ठरलं असतं.

“नाही, बाई,” ती म्हणाली. “सगळी तेवढीच आहेत.”

बाईंनी पिशवी सोडली. मग काठी टेकत एकेक खुंटी ओलांडत गेल्या आणि शेवटच्या पिशवीपाशी थांबल्या. तिला हात लावला नाही. वर बघितलं, फळीवरची शेळी उचलली आणि आता कुठं खुर्चीत बसून वाचायला लागल्या. वाचायला वेळ लागण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी त्यांनी प्रत्येक पान पाहिलं. शेवटच्या पानावर त्यांच्या नाकातून हवा निघाली, हसू म्हणावं तर हसू.

“चित्रं गबाळी आहेत,” त्या म्हणाल्या. “भाषेवर काही मेहनत नाही. मला नाही आवडलं.” पुस्तक मिटलं. “पण मला कुणी विचारलं नव्हतं.”

“बाई, मी…”

“तू थांब. मला आधी चिडू दे.” त्यांच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. “चाळीस वर्षं मी पोरांना सांगितलं, खोटं बोलू नका. आणि मला इथवर आणलं कशाला, तर पोरांच्या पुढ्यात खोटं बक्षीस घ्यायला. चोरीचा माल आहे हा. तोही कुणाकडून चोरलेला, तर ज्यांना अजून नाक पुसता येत नाही त्यांच्याकडून. लाज कशी वाटत नाही?” त्यांनी तिच्याकडे बघितलं. “तुला आधीपासून माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगायला माझे गुडघे इथवर यायची वाट बघितलीस?”

“भीती वाटली.”

“कशाची?”

“नोकरी कायम व्हायची आहे.”

“असं,” बाई म्हणाल्या. त्या आवाजात ना दया होती, ना तिरस्कार. “आज निकाल कोण सांगतं?”

“ज्या-त्या दालनाची ताई सांगते. मला चिठ्ठी देतात, मी वाचायची.”

“हं. मी काय करणार ते मला ठाऊक आहे. मी खुर्चीतून उठणार नाही. गुडघ्यांचं निमित्त मला कुणीही देईल.” काठीवर भार देऊन त्या उभ्या राहिल्या. “तुला मात्र कुणी निमित्त देणार नाही, पोरी. तुझे गुडघे चांगले आहेत.”

सभागृह भरलं. मागं खुर्च्यांवर पालक, पुढं सतरंजीवर मुलं. धाकटी सगळ्यांत पुढं, एकमेकांच्या मांडीवर पाय टाकून. भिंगरी मधोमध. सासूबाई कधी नव्हे त्या वाचनालयात आल्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून, आणि खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या, जणू कुणी खुर्ची परत मागेल.

मोठ्यांचा निकाल झाला. मधल्यांचा झाला. चिठ्ठ्या मोजून लागलेले खरे निकाल, टाळ्या खऱ्या. मग ग्रंथपालांनी तिच्या हातात घडी घातलेला कागद दिला आणि हलकेच म्हणाले, “मोठ्यानं वाचा. मागं ऐकू जात नाही.”

माईकपाशी तिनं घडी उघडली. कागदावर त्यांचं सुबक अक्षर होतं. पुढ्यात पाच-सहा-सात वर्षांची तोंडं वर झाली होती, काही उघडीच. ही विसरून जातील, म्हणे. तिला एकदम कळलं की ही विसरणार नाहीत, हेच शिकतील. आपल्याला विचारतात, आपण सांगतो आणि मग मोठे त्यांचंच करतात. ती पुन्हा कधी कुणाला आपलं खरं सांगणार नाहीत, आणि मग हेच मोठे म्हणणार, आजकालची मुलं काही बोलतच नाहीत. राग इतका होता की भीतीला बसायला जागाच उरली नाही.

“धाकट्यांनी निवडलेलं पुस्तक,” ती म्हणाली. आवाज फाटका निघाला, पण निघाला. “शेळी म्हणाली, नाही.”

सतरंजीवर जो कालवा झाला त्याला टाळ्या म्हणता येणार नाही. कुणी उड्या मारत होतं, कुणी बें बें करत होतं. एक चष्मेवाला मुलगा शेजारणीला सांगत होता, मी सांगितलं नव्हतं का, मी सांगितलं नव्हतं का? भिंगरी उठली नाही. ती बसल्या जागी मागं वळून आजीकडे बघत होती.

ग्रंथपाल दोन ढांगांत माईकपाशी आले. “शांत बसा, बाळांनो. ताईंची थोडी गफलत झाली. वाचण्यात चूक झाली. धाकट्या गटाचं मुलांची निवड पदक मिळालंय ‘वेळेवर उठणारा सूर्य’ या संस्कारक्षम पुस्तकाला. आणि आपलं भाग्य, की लेखिका स्वतः आपल्यात आहेत. बाईंना विनंती, त्यांनी मंचावर यावं.”

पालकांनी टाळ्या वाजवल्या. पालक वाजवतातच. मुलांचा आवाज मात्र कापल्यासारखा थांबला.

पहिल्या रांगेत बाई काठीवर दोन्ही हात ठेवून बसून होत्या. टाळ्या संपल्या, त्या बसूनच. ग्रंथपाल म्हणाले, “बाईंना पायांचा त्रास आहे, आपणच त्यांच्याकडे जाऊ,” आणि मानपत्र घेऊन खाली उतरले. ते पुढं केलं. बाईंनी काठीवरचे हात हलवले नाहीत. मानपत्र हवेत राहिलं. फोटो काढणारा एका गुडघ्यावर बसला होता, तो तसाच खोळंबला.

“बाई,” ग्रंथपाल ओठातल्या ओठात म्हणाले.

“ते माझं नाही,” बाई म्हणाल्या. साध्या आवाजात, रस्त्यात पडलेली छत्री तुमची का, असं कुणी विचारल्यावर उत्तर द्यावं तशा. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज होता. मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचला.

ग्रंथपाल मानपत्र घेऊन परत वर आले, ते टेबलावर पालथं ठेवलं आणि पुढच्या वक्त्यांचं नाव पुकारलं.

खुर्च्या गोळा होत असताना त्यांनी तिला बाजूला घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“उद्यापासून दालन उघडायची दुसरी व्यवस्था करतो,” ते म्हणाले. “तुमच्याबद्दल मी किती चांगलं लिहिलं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी, ताई?”

तिनं पदराच्या टोकाची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. “पुढच्या वर्षी पिशव्या नका लावू, सर,” ती म्हणाली. “एकच खुंटी ठोका. मुलांनाही सोपं जाईल.”

घरी जाताना सासूबाई फाटकापासूनच सुरू झाल्या. “एका शेळीपायी नोकरी घालवलीस. कायम होणार होतीस. पोटाला काय शेळीचं दूध काढायचंय?” कोपऱ्यावर शेजारीण भेटली, तिला थांबवून म्हणाल्या, “आमच्या सुनेनं भर सभेत तोंडावर सांगितलं हो साहेबाला. माईकमधून.” आणि पुन्हा चालायला लागल्यावर, “डोकं फिरलेलं आहे मुळातच.”

भिंगरी तिचं बोट धरून चालत होती. शेजारीण मागं पडल्यावर म्हणाली, “मग जिंकली की नाही?”

“जिंकली.”

“मग ते काका नाही का म्हणाले?”

“ते खोटं बोलले.”

मोठ्या माणसाबद्दल लेकीपुढं असं ती याआधी कधी बोलली नव्हती. भिंगरीनं ते ऐकून घेतलं आणि पायानं एक खडा उडवत घरापर्यंत नेला.

काही आठवडे गेले. तिनं दोन ठिकाणी अर्ज केले, एका दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागली. वाचनालयाच्या बाजूला ती फिरकली नाही. पण भिंगरीचं सभासदत्व होतं आणि एका शनिवारी भिंगरीनं पिशवी काढली, “चल,” म्हणाली. तिला जायचं नव्हतं. तरी गेली.

धाकट्यांच्या दालनात नवी मुलगी बसली होती, कॉलेजातून नुकतीच सुटलेली, पट्ट्या चिकटवत. खुंट्या रिकाम्या होत्या. मधल्या टेबलावर शिफारस केलेली पुस्तकं ओळीनं उभी केली होती आणि ‘वेळेवर उठणारा सूर्य’ सगळ्यांत पुढं. त्याच्यावर सोनेरी गोल चमकत होता. मुलांची निवड. छापलेले गोल फुकट कसे घालवायचे.

तिच्या दाढा एकमेकींवर घट्ट बसल्या. बाईंनी नाही म्हटलं, मुलांनी नाही म्हटलं, तरी चिकटवलंच. नखानं खरवडून काढावा आणि ग्रंथपालांच्या टेबलावर नेऊन आपटावा.

“शेळी आहे?” भिंगरीनं विचारलं.

“बाहेर गेलीय गं,” नवी मुलगी म्हणाली. “आली की लगेच कुणीतरी नेतं. माझ्या हाताला अजून लागलीच नाही ती. दुसरं बघ ना, इथं तुझ्या वयाची खूप आहेत.”

भिंगरी टेबलाशी गेली. एका पुस्तकाचं कव्हर पाहिलं, ठेवलं. दुसरं उघडलं, मिटलं. मग सूर्याचं उचललं. सोनेरी गोलावरून अंगठा फिरवला, बोटानं त्याची कड उचकटून बघितली, ती निघाली नाही. तिनं पहिलं पान उघडलं आणि ओळीखाली बोट धरून, उभ्याउभ्याच, ओठ हलवत वाचायला लागली.

ते नको, तिच्या जिभेवर आलं. तेवढं सोडून काहीही घे. आपण त्याला का हात लावायचा? तिला काय काय माहीत होतं. त्या पुस्तकामागं कोण आलं, कोण उठलं नाही, कुणी काय चोरलं, सगळं. नुसतं ‘अगं’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं, भिंगरीनं ते खाली ठेवलं असतं. शेळीचं पान न् पान तोंडपाठ असलेली ही पोर तिच्या आवाजाची किंचितशी वाकडी रेघसुद्धा ओळखते.

भिंगरीनं पान उलटलं. एका शब्दाशी अडखळली, मागं आली, पुन्हा गेली, पार झाली. तिसऱ्या पानावर ती थांबली आणि मान वर न करता म्हणाली, “आई, हा सूर्य घोरतो.”

“असं?”

“हो. मोठ्यानं.” अजून एक पान. “मी हे घेऊ?”

नव्या मुलीनं कौतुकानं मान हलवली. “छान आहे ते. पदक मिळालंय त्याला.”

आईचा राग जिथल्या तिथं होता, छातीत, गरम आणि जड. तो घेऊनच तिनं खांद्यावरची पिशवी काढली आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं. भिंगरी अजून वाचत होती. पान संपेपर्यंत ती तशीच धरून उभी राहिली.